हिवाळ्यातली मयत: वाट आणि माती

माझ्या पीएचडीचा विषय एका वाक्यात सांगायचा तर 'थंड प्रदेशात जमीन किती खोल गोठते आणि का'. हे घरी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "त्याचा उपयोग काय गं?" मग मी रस्ते, पाण्याच्या पाइपा, इमारतींचे पाये अशी पाठ केलेली उत्तरं देते. ती खरीच आहेत. पण जमीन किती खोल गोठली आहे हा प्रश्न इंजिनियरांच्या कितीतरी आधीपासून दर हिवाळ्यात एका वेगळ्याच माणसाला पडत आला आहे. तो म्हणजे कबर खणणारा.

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणासाठी जुने उल्लेख गोळा करताना मी या विषयात शिरले आणि बरेच दिवस बाहेरच आले नाही. हिवाळ्यात घरातलं माणूस गेलं, तर त्याला पोचवायचं कसं आणि पोचवायला जायचं कसं? या प्रश्नात दोन अडचणी आहेत, वाटेची आणि मातीची. आपल्याला वाटतं कडाका वाढला की दोन्ही एकदम वाढत असतील. तसं होत नाही, आणि ते का होत नाही हेच मला या पोस्टमध्ये सांगायचं आहे. आधी इंग्लंडला जाऊ, मग रशियाला.

उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात आजही काही पायवाटांना 'कॉर्प्स रोड' म्हणतात, सरळ मराठीत प्रेतवाटा. हल्ली तिथे पाठीवर सॅक टाकून ट्रेकर हिंडतात. या वाटा पडल्या त्या चर्चच्या कारभारामुळे. मध्ययुगात एकेका मुख्य चर्चच्या हद्दीत मैलोन्‌मैल पसरलेल्या वाड्यावस्त्या असत. वस्तीवर प्रार्थनेपुरतं छोटं चॅपेल असलं, तरी दफन करण्याचा हक्क मुख्य चर्चकडेच. तो हक्क सोडायचा म्हणजे दफनाचं उत्पन्न सोडायचं, आणि ते कोण सोडेल? त्यामुळे डोंगराच्या पोटातल्या वाडीत कोणी गेलं, की शेजारीपाजारी मिळून प्रेत उचलायचे आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या चर्चपर्यंत न्यायचे.

यॉर्कशायरमधल्या स्वेल नदीच्या खोऱ्यात केल्ड नावाचं गाव आहे. तिथून ग्रिंटनच्या चर्चपर्यंतची प्रेतवाट साधारण १६ मैलांची, म्हणजे २६ किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात हे अंतर तुटत नसे. लाकडी पेटी जड होते म्हणून वेताच्या टोपलीसारख्या विणलेल्या पेटीत प्रेत ठेवायचे. वाटेत ठराविक ठिकाणी सपाट दगड असत, त्यावर ओझं टेकवून खांदेकरी दम घेत. १५८० मध्ये वरच्या अंगाला म्यूकर इथे चॅपेल आणि दफनभूमी झाली, तेव्हा कुठे वरच्या वाड्यांची ही पायपीट थांबली. एवढी वर्षं भर हिवाळ्यात किती जण ही वाट चालले असतील, याची नोंद कुठे नाही. दफनाच्या वहीत मेलेल्याचं नाव येतं. पोचवायला आलेल्यांची नावं येत नाहीत.

लेक डिस्ट्रिक्टमधलं मार्डेल हे असंच आडबाजूचं गाव. तिथली प्रेतं घोड्याच्या पाठीला बांधून, माळ ओलांडून शॅपला नेत. अठराव्या शतकात मार्डेलला स्वतःची दफनभूमी मिळाली आणि १७३६ मध्ये शेवटचं प्रेत या वाटेने गेलं. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण १९३० च्या दशकात मँचेस्टर शहराला पाणी पुरवण्यासाठी तिथे धरण झालं आणि गाव बुडणार हे ठरलं. तेव्हा चर्चच्या आवारातले ९७ मृतदेह उकरून काढले आणि पुन्हा पुरायला नेले, ते कुठे? शॅपलाच. कोयना आणि उजनी माहीत असलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही, पण ते वाचून मी लॅपटॉप मिटून थोडी फिरून आले होते.

वॉसडेल हेडच्या लोकांना बर्नमूर नावाचा ओसाड माळ ओलांडून एस्कडेलच्या चर्चला जावं लागे. त्या वाटेची एक दंतकथा आहे. एका तरुणाचं प्रेत घोड्यावर बांधून नेत होते. धुक्यात घोडा बिथरला आणि उधळला तो सापडलाच नाही. मुलाच्या दुःखाने आई खंगून गेली. तिला नेतानाही माळावर हिमाचं वादळ आलं आणि तिचाही घोडा उधळला. लोक शोधायला निघाले, तेव्हा त्यांना मुलाचा घोडा पेटीसकट सापडला. आईचा मात्र कधीच नाही. पुढे त्या माळावर भुताचा घोडा दिसतो वगैरे शेपूट या कथेला आहेच, ते सोडून देऊ. मला यात दिसते ती भीती. धुक्यात, हिमात, बारा-पंधरा माणसं एक प्रेत घेऊन निघाली आहेत. आपलं माणूस गेलं हे दुःख आहेच, पण त्याला पोचवता आलं नाही तर? भूत नंतर आलं असणार, आधी ही धास्ती होती.

आता गंमत बघा. या सगळ्या कथांमध्ये धुकं आहे, वारा आहे, हिम आहे, चुकलेली वाट आहे. गोठलेल्या मातीचा उल्लेख मात्र क्वचितच सापडतो. चर्चला पोचलं की खड्डा तयार असायचा. असं का, याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. थोडं सहन करा, समीकरण लिहीत नाही.

एक किलो पाणी एक अंशाने थंड करायचं तर त्यातून साधारण ४.२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. शून्य अंशावरच्या त्याच पाण्याचं बर्फ करायचं तर ३३४ किलोज्यूल. म्हणजे पाणी ८० अंशांनी थंड करण्याइतकी उष्णता नुसतं गोठवण्यात जाते. दहावीच्या पुस्तकात आपण हिला अप्रकट उष्मा म्हणून शिकलो. ओल्या जमिनीत पाणी भरपूर, त्यामुळे तिला गोठवायला थंडीला फार कष्ट पडतात. शिवाय वरचा थर गोठला की खालची उष्णता त्या थरातून वर यायला हवी, आणि थर जितका जाड तितकी ती हळू येते. योझेफ स्टेफान या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने (स्टेफान-बोल्ट्झमन नियमातला तोच हा) ध्रुवीय मोहिमांच्या नोंदी घेऊन १८९१ मध्ये समुद्रावरच्या बर्फासाठी हे गणित मांडलं. थंडी सारखीच राहिली तर दुप्पट जाडीसाठी चौपट दिवस लागतात. समजा दहा दिवसांत एक वीत जमीन गोठली, तर दोन विती गोठायला चाळीस दिवस. इंग्लंडमध्ये कडक थंडी इतके दिवस टिकतच नाही. आठवड्याभरात समुद्रावरून ओलसर वारा येतो आणि सगळं पुन्हा चिखल. तिथली वाट जीवघेणी, पण माती मऊ.

दुसरी गोष्ट हिमाची. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. गोळेवाल्याच्या गाडीवर असतो तोही बर्फ आणि मनालीत पडतो तोही बर्फ. इथे फरक करायला हवा. घन बर्फातून उष्णता बऱ्यापैकी वाहते. आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमात मात्र बहुतेक हवाच असते, आणि त्याची उष्णतावाहकता घन बर्फाच्या वीसएक पट कमी असू शकते. हिम म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडी. त्यामुळे जिथे हिवाळ्याच्या सुरुवातीलाच जाड हिम पडतं, तिथे खालची माती बऱ्याचदा फारशी गोठत नाही. वाट बंद, खणायला सोपं. उलट हिम थोडं आणि थंडी कोरडी, लांबलेली असेल, तर जमीन कमरेपेक्षा खोल दगड होते आणि वाटा मात्र मोकळ्या राहतात. वाट आणि माती बहुतेक वेळा एकमेकींच्या विरुद्ध वागतात, हे माझ्या वहीत दोन वर्षं ग्राफच्या रूपात पडून होतं. त्या ग्राफचा माणसांशी काय संबंध हे मला मयतींबद्दल वाचायला लागल्यावर कळलं.

रशियात थंडी आणि हिम दोन्ही असतं, पण थंडी इतकी लांब की गोधडीही पुरत नाही. गाइल्स फ्लेचर हा राणी एलिझाबेथचा वकील १५८८ मध्ये मॉस्कोला गेला होता. परत येऊन त्याने १५९१ मध्ये रशियावर पुस्तक लिहिलं. ते इतकं सडेतोड होतं की धंदा बुडेल या भीतीने इंग्लिश व्यापाऱ्यांनीच ते दडपायला लावलं. त्यात तो सांगतो की हिवाळ्यात जमिनीत ना कुदळ शिरते ना फावडं, म्हणून तिथले लोक मृतांना पुरतच नाहीत. शहराबाहेर एक घर असतं, त्याला देवाचं घर म्हणतात. तिथे प्रेतं सरपणाच्या ओंडक्यांसारखी रचून ठेवतात, थंडीने ती दगडासारखी झालेली असतात. वसंतात जमीन सुटली की ज्याने त्याने यायचं, आपलं माणूस ओळखून घ्यायचं आणि मातीत ठेवायचं. फ्लेचरला हे रानटी वाटलं असावं. मला यात चांगली सोय दिसते. वसंतापर्यंत मुलगा लांबच्या गावाहून यायला वेळ मिळतो.

कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्येकडच्या गावांत एकोणिसाव्या शतकात हीच सोय दगडी बांधकामात झाली. दफनभूमीच्या कडेला, टेकडीच्या पोटात अर्धवट पुरलेली एक कोठी, तिला लोखंडी दार. डिसेंबर ते मार्चमध्ये गेलेली माणसं त्यात थांबायची. या कोठ्यांना कुलपं लागत, कारण शरीरशास्त्राच्या वर्गासाठी प्रेतं पळवायला वैद्यकीय विद्यार्थी टपलेले असत. मॉन्ट्रियलमध्ये विद्यार्थी चोरलेली प्रेतं घसरगाडीवर घालून टेकडीवरून खाली आणत, असे किस्से आहेत. अशा गावात घरच्यांना दोनदा रडावं लागे, एकदा माणूस गेलं तेव्हा आणि एकदा जमीन सुटली तेव्हा.

"जाळत का नव्हते?" हा प्रश्न आपल्याकडच्या कुणालाही पडेल. शरीर पुन्हा उठणार अशी श्रद्धा असेल तर जाळण्याचा विचारही पाप. ब्रिटनमध्ये १८८४ च्या जानेवारीत विल्यम प्राइस नावाच्या विक्षिप्त डॉक्टरने वेल्समधल्या एका टेकडीवर आपल्या तान्ह्या मुलाचं दहन केलं, तेव्हा लोक त्याच्या अंगावर धावून गेले आणि त्याच्यावर खटला झाला. इतरांना उपद्रव न होता केलेलं दहन बेकायदा नाही, असा निकाल त्यात लागला आणि पुढच्याच वर्षी वोकिंगला पहिलं अधिकृत दहन झालं.

आपल्याकडे दहन त्याच दिवशी, जमलं तर सूर्यास्ताच्या आत. आपला हिवाळा म्हणजे पावसाळा. ओढ्यापलीकडच्या स्मशानात तिरडी कशी न्यायची, सरणाची लाकडं कोरडी कुठून आणायची, हे कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि आपल्याकडे वाट बघायची झाली तर घड्याळ तासांचं असतं, महिन्यांचं नाही.

हे मला माहीत आहे, कारण मी एकदा त्या घड्याळाच्या चुकीच्या बाजूला होते. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी लेहच्या वरच्या अंगाला मातीत पुरलेले तापमापक वाचायला गेले होते. तिकडे हिम थोडं, थंडी कोरडी, म्हणजे माझ्या कामासाठी आदर्श. मिरजेहून काकांचा फोन आला, आजोबा पहाटे गेले. लेहहून विमानं सकाळीच उडतात, आणि त्या सकाळी ढग खाली आले होते म्हणून एकही उडालं नाही. रस्त्याने निघावं तर झोजीला बंद, मनालीची वाट बंद. काका म्हणाले, "बर्फाच्या लाद्या आणल्यात. उद्या येशील का नक्की, ते सांग. तुझी आजी म्हणतेय थांबूया." मी नक्की सांगू शकत नव्हते. पन्नास किलोची लादी पूर्ण वितळेपर्यंत सुमारे १७ हजार किलोज्यूल उष्णता शोषते, हा हिशोब मी खोलीत बसून वहीच्या मागच्या पानावर केला होता. माझ्या पायाखालची जमीन दगड करणारा ३३४ चा आकडाच तिकडे आजोबांना थोपवून धरत होता. हे अर्थातच काकांना सांगितलं नाही. "थांबू नका," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही विमान उडालं नाही, तेव्हा नाही म्हटलं ते बरंच झालं. सावडायच्या दिवशी दुपारी घरी पोचले. आजी एवढंच म्हणाली, "जेवलीस का वाटेत?"

असो. वाट आणि माती यांचं उलटं वागणं एकाच प्रसंगात बघायचं असेल तर पुश्किनची अंत्ययात्रा बघावी.

आधी त्याच्या आईची. नाद्येझ्दा ओसिपोव्हना १८३६ च्या मार्चअखेरीस पीटर्सबर्गमध्ये गेली. (तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या, आपल्यापेक्षा बारा दिवस मागे.) घराण्याची इस्टेट प्स्कोव्ह प्रांतात मिखाइलोव्स्कोयेला, आणि दफनाची जागा जवळच्या स्वियातोगोर्स्क मठात. अंतर सुमारे ४०० किलोमीटर. रशियात एप्रिल हा प्रवासाला सगळ्यात वाईट काळ, कारण हिम वितळून वाटांचा चिखल होतो आणि ना घसरगाडी चालते ना चाक. घरातून आईबरोबर गेला तो एकटा पुश्किन. १३ एप्रिलला तिचं दफन झालं. तिथेच शेजारी त्याने स्वतःसाठीही जागा घेऊन ठेवली. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

ती जागा दहा महिन्यांत लागली. २७ जानेवारी १८३७ ला द्वंद्वयुद्धात गोळी लागून २९ ला तो गेला. घरासमोर लोटलेली गर्दी बघून सरकार घाबरलं. सार्वजनिक अंत्ययात्रा होऊ दिली नाही, प्रार्थनेचं चर्च ऐनवेळी बदललं, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका मध्यरात्री पेटी गुपचूप शहराबाहेर काढली. बरोबर एक पोलीस अधिकारी, पुश्किनचा म्हातारा नोकर निकिता कोझलोव्ह, आणि अलेक्झांडर तुर्गेनेव्ह. हा कादंबरीकार तुर्गेनेव्ह नव्हे. पुश्किन लहान असताना त्याला शाळेत प्रवेश मिळवून द्यायला ज्याने मदत केली, तो हा घरोब्याचा माणूस. आणि निकिता म्हणजे जखमी पुश्किनला आठवड्याभरापूर्वीच गाडीतून उचलून घरात नेणारा.

घरचं कोणीच नव्हतं. बायको नताल्या अंथरुणाला खिळलेली, वडील मॉस्कोत, भाऊ कॉकेशसमध्ये लष्करात, बहीण वॉर्सात.

आता वाट बघा. फेब्रुवारीत रशियन वाटा म्हणजे घसरगाड्यांचा महामार्ग. ओढे गोठलेले, खड्डे हिमाने बुजलेले, दर टप्प्यावर घोडे बदलायची सोय. सुमारे ४०० किलोमीटर दोन दिवसांत कापले. एप्रिलच्या चिखलात हा वेग कुणाला स्वप्नातही मिळाला नसता. उद्या निघायचं म्हणून कुणी रडत बसलं असेल, तर पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं, असा हा वेग. सरकारला नेमकं तेच हवं होतं.

मठात पोचल्यावर मात्र माती आडवी आली. शेजारच्या त्रिगोर्स्कोये इस्टेटीवरून माणसं कबर खणायला पाठवली होती. त्या घरातली एक मुलगी तेव्हा तेराएक वर्षांची होती, तिने पुढे म्हातारपणी आठवण सांगितली आहे. जमीन इतकी गोठलेली होती की पहारीने बर्फ फोडून पेटीपुरती जागा करावी लागली आणि वरून हिम लोटलं. ६ फेब्रुवारीला सकाळी लवकर जे झालं, ते म्हणजे एवढंच. वसंतात जमीन सुटायला लागली तेव्हा मठाच्या प्रमुखाने पेटी पुन्हा बाहेर काढवली आणि नीट मातीत ठेवली.

आठवण म्हातारपणीची आहे, तेव्हा तिच्यातल्या बारीकसारीक गोष्टींवर विसंबू नये, असं माझे गाइड म्हणतील आणि ते बरोबरही असेल. पण प्स्कोव्हच्या बाजूला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, टेकडीच्या माथ्यावर, जिथे वारा हिमाची गोधडी उडवून लावतो, तिथे जमीन पहारीशिवाय फुटणार नाही हे मी कागदावर काढून दाखवू शकते. त्या बाबतीत माझा त्या मुलीवर विश्वास आहे.

कबरीवर आज दिसतं ते संगमरवरी स्मारक १८४१ मध्ये बसवलं. नताल्या मुलांना घेऊन त्याच वर्षी पहिल्यांदा तिथे आली, मे महिन्यात.